प्रश्न शिक्षकांचे : रेंज नसलेल्या वर्गासाठी

शिक्षकांना उपयोगी पडणाऱ्या संकेतस्थळांविषयी आणि अ‍ॅपविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळच्या सदरात घेतली आहेत. बहुतेकांनी शेवटी एक ओळ जोडली आहे, "एखादी यादी द्यावी." यादी मी मुद्दाम दिलेली नाही, कारण शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर याद्यांचा तुटवडा नाही आणि त्या याद्यांतील दुवे उघडून पाहायला कोणालाच सवड मिळत नाही. एखादे साधन हाताशी ठेवायचे की नाही हे ठरवताना मी तीन गोष्टी पाहतो : ते उतरवून आपल्याजवळ ठेवता येते का, ते मराठीत आहे किंवा मराठीत आणता येते का, आणि आपल्या मुलांप्रमाणे त्यात फेरफार करण्याची मुभा आहे का. पुढील उत्तरे याच नजरेने लिहिली आहेत.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी असून माझ्याकडे पहिली, दुसरी आणि तिसरी असे तीन वर्ग आहेत. ग्रामस्थांच्या वर्गणीतून शाळेला मोठा टीव्ही मिळाला, परंतु मोबाइलला रेंज मिळते ती फक्त शाळेमागच्या टेकाडावर. दीक्षा अ‍ॅपवरील व्हिडिओ सुरू केला की पडद्यावर गोल चक्र फिरत राहते आणि मुले टीव्ही सोडून माझ्याकडे पाहू लागतात. अशा शाळेने ऑनलाइन साधनांचा नाद सोडूनच द्यावा का?
— सहशिक्षिका, ता. जव्हार, जि. पालघर

उत्तर : नाद सोडू नये, वर्ग सुरू असताना इंटरनेट हवेच, हा हट्ट मात्र सोडावा. एका प्रशिक्षणात मी स्वतः भर सभागृहात थेट दुवा उघडून दाखवायला गेलो आणि पंचवीस मिनिटे दीडशे शिक्षकांना ते गोल चक्रच दाखवत राहिलो. तेव्हापासून पेनड्राइव्हवर नसलेली कोणतीही गोष्ट मी वर्गात न्यायची म्हणून मोजत नाही.

दीक्षा हे शालेय साहित्याचे ऑनलाइन व्यासपीठ केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७मध्ये सुरू केले. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड आपल्याला तिथेच घेऊन जातात. (पाठ्यपुस्तकात असे कोड छापण्याची कल्पना आपल्याकडे रुजवण्यात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे, २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार त्यांना मिळाला.) कोड स्कॅन होत नसेल, पान फाटले असेल किंवा पुस्तकच हाती नसेल, तर कोडखाली छापलेली सहा अक्षरांची खूण अ‍ॅपच्या शोधखिडकीत लिहिली तरी तोच पाठ उघडतो. प्रत्येक घटकापाशी डाउनलोडचे चिन्ह असते आणि एकदा उतरवलेला घटक रेंज नसतानाही त्या फोनवर चालतो. टेकाडावर किंवा तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी पुढच्या पंधरवड्याचे घटक उतरवून ठेवावेत आणि फोन केबलने टीव्हीला जोडावा.

दीक्षाबाहेरचे साहित्य पेनड्राइव्हवर ठेवताना काही बारीकसारीक अडचणी येतात आणि त्या कोणी सांगत नाही. बहुतेक टीव्ही पेनड्राइव्हवरील एमपीफोर व्हिडिओ आणि जेपीजी चित्रे उघडतात. पीडीएफ मात्र अनेक टीव्ही उघडत नाहीत. त्यामुळे गोष्टीच्या पुस्तकाची पाने जेपीजी करून, त्यांना ०१, ०२, ०३ असे क्रमांक देऊन ठेवावीत. क्रमांकात आधीचे शून्य गाळले, तर पहिल्या पानानंतर लगेच दहावे पान येते आणि गोष्टीचा विचका होतो. पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, हेही लक्षात ठेवावे. किविक्स नावाचे एक मोफत अ‍ॅप आहे. त्यात विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की तो इंटरनेटशिवाय शोधता आणि वाचता येतो, आणि ही सोय मराठी विकिपीडियासाठीही आहे.

तीन वर्ग एकाच खोलीत असताना टीव्हीचा आवाज हा मला गुण न वाटता दोष वाटतो. पहिलीची मुले गाणे ऐकत असतील, तर तिसरीची मुले गणित सोडवत नसतात, तीही गाणेच ऐकत असतात. म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून त्याचा उपयोग मोठ्या चित्रपुस्तकासारखा करावा : पडद्यावर एक पान, आणि बोलणे आपले व मुलांचे.

प्रश्न : माझ्या पहिलीच्या वर्गातील सर्व मुलांची घरची भाषा माडिया गोंडी आहे. पाठ्यपुस्तकाखेरीज वाचायला देण्याजोगे सोपे साहित्य इथे मिळत नाही, आणि जे मिळते त्यातील बागेत सहलीला जाणारी, आईस्क्रीम खाणारी मुले माझ्या मुलांना परकी वाटतात. काही मार्ग आहे का?
— शिक्षक, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली

उत्तर : आपल्यासाठी सर्वांत कामाचे साधन म्हणजे प्रथम बुक्स या संस्थेचे स्टोरीवीव्हर. ८ सप्टेंबर २०१५ रोजी, जागतिक साक्षरता दिनी, ते सुरू झाले. तिथे चित्रमय गोष्टी चार वाचनस्तरांत लावलेल्या आहेत, मराठी गोष्टी भरपूर आहेत, गोंडीही आहे. वाचायला, उतरवायला आणि छापायला पैसे पडत नाहीत. त्याहून महत्त्वाची आहे ती त्यांची परवानगी. इथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे मूळ लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांची नावे राखून आपण त्यांचे भाषांतर करू शकता, त्या बदलू शकता, त्यांच्या प्रती काढून वाटूही शकता.

दोन ठिकाणी सावध राहावे. गोंडी सगळीकडे सारखी नाही. छत्तीसगड-मध्य प्रदेशाकडील बोलीत उतरवलेली गोष्ट आपल्या मुलांना अर्धी कळेल आणि अर्धी हसवेल. म्हणून तयार गोंडी गोष्ट जशीच्या तशी न देता ती गावातील एखाद्या आजीला किंवा अंगणवाडीतील ताईंना वाचून दाखवावी, त्या जिथे "आमच्याकडे असे नाही म्हणत" म्हणतील तिथे शब्द बदलावा आणि मग छापावी. दुसरी गोष्ट मराठी गोष्टींच्या स्तराविषयी. स्तर ठरवताना भर असतो तो शब्दसंख्येवर आणि वाक्यांच्या लांबीवर. भाषांतरात मात्र पहिल्या स्तरावरच्या चार शब्दांच्या वाक्यातही 'स्वच्छ', 'आश्चर्य' अशी जोडाक्षरे येऊन बसतात. जी मुले अजून काना-मात्रेत आहेत त्यांच्या दृष्टीने ती गोष्ट पहिल्या स्तराची राहत नाही. प्रत्येक गोष्ट आधी आपण वाचावी, जोडाक्षरे मोजावीत आणि आपला स्तर आपणच पानावर पेन्सिलीने लिहावा.

परकेपणाचा आपला मुद्दा मात्र तयार गोष्टींनी पूर्णपणे सुटणार नाही. त्याच संकेतस्थळावर चित्रांचा मोठा साठा आहे. त्यातून जंगल, नदी, कोंबडी, मोहाच्या फुलांसारखी दिसणारी फुले अशी चित्रे निवडून मुलांनी सांगितलेली चार वाक्ये त्यांच्याखाली घालता येतात. वरची ओळ माडियात आणि खालची मराठीत असे आठ पानी पुस्तक तयार करायला एक दुपार पुरते. स्वतःच सांगितलेले वाक्य छापलेले पाहिले की मूल ते 'वाचते', आणि आधी ते पाठ असले तरी हरकत नाही. अक्षरांकडे लक्ष तिथूनच जाऊ लागते. याच धर्तीच्या कामासाठी पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथे काम करणाऱ्या क्वेस्ट या संस्थेचे प्रारंभिक वाचन-लेखनाविषयीचे मराठी साहित्यही पाहावे.

प्रश्न : नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्यातील दोन अमीटरपैकी एक बंद. 'धाराविद्युत' हा पाठ फळ्यावरच होतो. संगणकावरचे आभासी प्रयोग दाखवले तर चालेल का, की ती निव्वळ करमणूक?
— विज्ञान शिक्षक, अनुदानित माध्यमिक शाळा, ता. अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : चालेल, पण खऱ्या प्रयोगाच्या जोडीने, त्याची जागा घेण्यासाठी नव्हे.

आभासी प्रयोगांसाठी फेट हा संच पाहावा. भौतिकशास्त्रातील नोबेल मिळाल्यानंतर पुढच्याच वर्षी, २००२मध्ये, कार्ल वायमन यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सर्व साधने मोफत आहेत, बरीचशी उतरवून संगणकावर इंटरनेटशिवाय चालवता येतात आणि अनेकांचे मराठी भाषांतर झालेले आहे. भाषांतरे स्वयंसेवकांनी केलेली असल्यामुळे संज्ञा आपल्या पुस्तकाशी जुळतातच असे नाही. पुस्तकात 'रोध' आणि 'विभवांतर' असेल आणि पडद्यावर वेगळे शब्द असतील, तर सुरुवातीलाच फळ्यावर जोड्या लिहून द्याव्यात.

विद्युत परिपथ जोडण्याचे फेटचे साधन 'धाराविद्युत'साठी उत्तम आहे, परंतु ते प्रात्यक्षिक म्हणून दाखवले तर वाया जाते. आधी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्यावा : एका बॅटरीला एक दिवा जोडला आहे, त्याच्याशी एकसरीत दुसरा जोडला तर पहिला तसाच राहील, मंद होईल की प्रखर होईल? समांतर जोडला तर? अर्ध्याहून अधिक वर्ग "पहिल्या दिव्याने वीज वापरली, म्हणून दुसरा मंद" असे लिहितो. एकसरीत दोन्ही दिवे सारखेच मंद झालेले दिसतात, दोन ठिकाणी अमीटर जोडले तर धारा सारखीच दिसते, आणि चर्चा तिथून सुरू होते. इलेक्ट्रॉन हलताना दाखवण्याची सोयही त्यात आहे. ती मी नेहमी शेवटी दाखवतो, कारण आधी दाखवली की मुले विचार करायचे सोडून ठिपके मोजत बसतात.

आभासी परिपथात एक खोट आहे, आणि ती म्हणजे त्यात काहीच बिघडत नाही. तारेचे टोक गंजलेले नसते, सेल अर्धा संपलेला नसतो, बंद अमीटरही नसतो. म्हणून त्याच आठवड्यात एखादा खरा प्रयोग व्हावा, आणि त्यासाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांचे व्हिडिओ आणि अनेक भाषांतील पुस्तके त्यांनी विनामूल्य खुली ठेवली आहेत. मराठीतही पुष्कळ आहे.

दहावीच्या मुलांकडून त्यांतील मोटर अवश्य करून घ्यावी. एक सेल, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि लाखेचा लेप असलेली तांब्याची तार एवढ्यावर ती फिरते. तारेच्या एका टोकाचा लेप पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्या टोकाचा अर्ध्याच बाजूचा. हा अर्धा लेप का ठेवायचा, या प्रश्नातच सगळा पाठ आहे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळ्यावरील बल अर्ध्या फेरीनंतर उलटे होते आणि ते अडखळून थांबते. अर्धा लेप ठेवला तर त्या अर्ध्या फेरीपुरती धारा तुटते, वेटोळे आपल्या वेगाने पुढे जाते आणि पुन्हा धारा मिळते. पुस्तकातील दिक्परिवर्तक (मोटरमध्ये धारेची दिशा उलटवणारा भाग) कशासाठी असतो, हे ज्या मुलाची मोटर पहिल्यांदा फिरत नाही त्यालाच सर्वांत नीट कळते. आपला बंद अमीटरही उघडून दाखवायला हरकत नाही. आत तशीच एक तारेची वेटोळी चुंबकात बसवलेली असते.

मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे, विशेषतः आठवी ते दहावीसाठी त्यांनी केलेले 'विज्ञान प्रतिभा' प्रकल्पाचे घटकही पाहावेत. ते वर्गात नेण्याआधी शिक्षकाला स्वतःला तासभर बसावे लागते, पण बसल्याचे चीज होते.

प्रश्न : भूमितीसाठी एकच साधन सुचवायचे झाले तर कोणते सुचवाल?
— गणित शिक्षिका, सांगली

उत्तर : जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढून त्या हलवून पाहता येतील असे सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१मध्ये ऑस्ट्रियात त्याची सुरुवात केली. ते मोफत आहे आणि फोनवरही इंटरनेटशिवाय चालते. अंतर्लिखित कोनाचे प्रमेय घेताना वर्तुळावरचा बिंदू बोटाने सरकवत न्यावा आणि कोनाचे माप तेच राहते हे मुलांना पाहू द्यावे. बिंदू कंसाच्या पलीकडच्या बाजूला गेला की माप एकदम बदलते, आणि "बाई, हे कसे झाले?" हा प्रश्न येतो, सिद्धता त्यानंतर लिहायला घ्यावी.

प्रश्न : पीडीएफमधील उतारा प्रश्नपत्रिकेत घेण्यासाठी कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो. पुन्हा सगळे टंकलिखित करण्याशिवाय इलाज नाही का? मराठीसाठी विश्वासार्ह शब्दकोश कुठे मिळतील तेही सांगावे.
— मराठी विषय शिक्षक, जळगाव

उत्तर : तो काला होण्याचे कारण फॉन्टमध्ये आहे. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वीच्या 'शिवाजी', 'कृतिदेव', 'डीव्हीबी-टीटी सुरेख' यांसारख्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असते, त्यावर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. कॉपी करताना मुखवटा गळून पडतो. फॉन्टचे नाव माहीत असेल तर त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरावा. माहीत नसेल तर पानाचे चित्र किंवा पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवून ते गुगल डॉक्समध्ये उघडावे. छापील मराठी ओळखून ते युनिकोड मजकूर तयार करते. हा मजकूर मूळ पानाशी ताडून घेतल्याशिवाय वापरू नये. रफार दुसऱ्याच अक्षरावर बसतो, 'द्ध' आणि 'द्ध'सारखी दिसणारी इतर जोडाक्षरे एकमेकांची जागा घेतात, अनुस्वार गळतात, आणि शुद्धलेखनाच्या प्रश्नात नेमकी हीच चूक राहिली तर विद्यार्थ्यांसमोर तोंड दाखवायला जागा उरत नाही. स्वतः लिहायचे असेल तर इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. पहिले पंधरा दिवस रडवतो, नंतर हात आपोआप चालतो.

शब्दकोशांच्या बाबतीत मराठी शिक्षक भाग्यवान आहेत. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पात मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि प्राचीन मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस कोश शोधता येण्याजोग्या रूपात आहेत. बृहद्कोश या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एकाच ठिकाणी चाळता येतात. संतकाव्यातला अडलेला शब्द तुळपुळे-फेल्डहाउसमध्ये पाहावा. बोलीतला, शेतीतला किंवा बारा बलुत्यांच्या कामातला शब्द मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्यात सापडण्याची शक्यता अधिक.

वाईच्या विश्वकोश मंडळाचे वीस खंडही संकेतस्थळावर आहेत. नोंद उघडताना तो खंड कधीचा आहे याकडे लक्ष असावे, कारण पहिला खंड १९७६चा आहे. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६मध्ये वगळले. त्याआधी लिहिलेली कोणतीही नोंद त्याला ग्रहच म्हणणार. पाया समजून घ्यायला विश्वकोश, ताजे आकडे घ्यायला अन्य स्रोत, असा माझा शिरस्ता आहे.

प्रश्न : पाठ्यपुस्तकातील कवितांना चाली लावून मुलांकडून म्हणवून घेतो आणि यूट्यूबवर टाकतो. एका सहकाऱ्याने "कॉपीराइटचा गुन्हा लागेल" असे घाबरवले. खरे काय?
— शिक्षक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी

उत्तर : वर्गात आणि यूट्यूबवर कायद्याची स्थिती वेगळी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, तसेच परीक्षेच्या प्रश्नांत आणि उत्तरांत केलेला वापर, हा हक्कभंग मानलेला नाही. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे केलेल्या सादरीकरणालाही त्याच कलमात मोकळीक आहे. परंतु यूट्यूबवरचा व्हिडिओ जगापुढे जातो. त्याला 'शिकवण्याचा ओघ' म्हणणे अवघड आहे, आणि त्या वाहिनीवर जाहिराती सुरू असतील तर अधिकच अवघड.

कवी किंवा कवयित्री कोण आहेत ते पाहावे. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. केशवसुत १९०५मध्ये आणि बालकवी १९१८मध्ये गेले. त्यांच्या कवितांना आता कोणाची परवानगी नको. साने गुरुजींचे निधन १९५०चे, म्हणून त्यांच्या लेखनावरचा हक्क २०१०अखेर संपला. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९अखेरपर्यंत राहील. हयात कवींना सरळ पत्र लिहावे. माझा अनुभव असा की शिक्षकाच्या पत्राला कवी फार क्वचित नाही म्हणतात.

आपल्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही त्याची मला अधिक काळजी वाटते, आणि ती म्हणजे मुलांचे चेहरे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३मध्ये झालेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती अपेक्षित आहे. कायद्याचा कीस कितीही काढला तरी, गणवेशावर शाळेचे नाव आणि तोंडी मुलीचे पूर्ण नाव असा व्हिडिओ जगापुढे टाकू नये, हे आपल्याला पटावे. आवाज मुलांचा आणि पडद्यावर त्यांनीच काढलेली चित्रे, असे केल्यास चाल तीच राहते आणि ओळखही झाकली जाते.

प्रश्न : येथील मराठी शाळेत दर रविवारी दीड तास शिकवते. मुले मराठी समजतात, उत्तर इंग्रजीत देतात. भारतातून पुस्तके मागवणे महाग पडते.
— स्वयंसेवक शिक्षिका, न्यू जर्सी

उत्तर : बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य आहेत, परंतु ती मराठी वातावरणात वाढणाऱ्या मुलांसाठी लिहिलेली आहेत; वय दहा असले तरी पहिली-दुसरीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागेल आणि मुलांना ते बालिश वाटेल. म्हणून वाचनासाठी वर सांगितलेले स्टोरीवीव्हर, आणि थोड्या मोठ्यांसाठी बालभारतीच्याच 'किशोर' मासिकाचे अंक घ्यावेत. १९७१पासूनचे हे अंक संकेतस्थळावर खुले आहेत, आणि गंमत अशी की पालकांना आपल्या लहानपणीचा अंक त्यात सापडतो व मग घरी मराठीत बोलणे आपसूक होते. कोश म्हणून शिकागोच्याच प्रकल्पातील मॅक्सिन बर्नसन यांचा मराठी-इंग्रजी कोश ठेवावा. त्या मूळच्या अमेरिकेतील. फलटणला येऊन स्थायिक झाल्या आणि तिथे त्यांनी शाळा उभी केली. परक्या भाषेतून मराठीकडे येणाऱ्याला कुठे ठेच लागते हे त्यांना स्वानुभवाने माहीत होते, आणि ते त्या कोशाच्या मांडणीत दिसते.

प्रश्न : प्रश्नपत्रिका काढण्यासाठी एआयचा वापर करावा का?
— मुख्याध्यापक, नाशिक

उत्तर : कच्च्या खर्ड्यासाठी करावा, आणि उतारा आपण द्यावा. "सातवीसाठी मराठीची प्रश्नपत्रिका काढ" असे मोघम सांगितले, तर ते साधन अस्तित्वातच नसलेली कविता एखाद्या खऱ्या कवीच्या नावावर खपवू शकते. पाठातील मजकूर चिकटवून "याच मजकुरावर पाच प्रश्न" असे सांगितले तर हाती बरे काही येते. व्याकरणात विशेष जपावे. समासांचे विग्रह आणि वृत्तातील लघु-गुरू यांत ही साधने ठामपणे चुकतात. चूक सांगितली की क्षमा मागून दुसरी चूक करतात. मुलांची नावे, गुण किंवा निदानात्मक चाचणीचे तक्ते तिथे चिकटवू नयेत.

प्रश्न : तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी आणि एकूणच गावाच्या इतिहासासाठी इंटरनेटवर काही मिळते का? आमच्या गावाचे नाव शोधले की फक्त हवामान आणि जमिनीच्या जाहिराती येतात.
— पदवीधर शिक्षक, ता. डहाणू, जि. पालघर

उत्तर : मिळते, पण गावाच्या आजच्या पत्त्यावर नव्हे. मुंबई इलाख्याचे गॅझेटियर (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली जिल्हावार निघाले. ते आणि राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाची नंतरची गॅझेटियरे आता ऑनलाइन वाचता येतात. पालघर जिल्हा २०१४मध्ये झाला, त्यामुळे तुमचा डहाणू ठाण्याच्या खंडांत आहे आणि ते खंड १८८२चे. असेच नंदुरबारकरांनी खानदेश, सिंधुदुर्गकरांनी रत्नागिरी आणि सावंतवाडी, रायगडकरांनी कुलाबा पाहावे. विदर्भ आणि मराठवाडा त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी मध्य प्रांत-वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान यांची गॅझेटियरे शोधावी लागतात.

खंडाच्या शेवटी 'प्रेक्षणीय स्थळे' या अर्थाचे प्रकरण असते, ठाण्यासाठी मात्र त्याचा वेगळा खंडच आहे. त्यात गावे अकारविल्हे दिलेली आहेत. बंदरे, आठवड्याचे बाजार, तलाव, किल्ले यांची वर्णने त्यात सापडतात. जाती-जमातींविषयीची प्रकरणे मात्र मुलांपुढे ठेवू नयेत. ती राज्यकर्त्यांच्या चष्म्यातून लिहिलेली आहेत आणि काही समाजांविषयीचे त्यातील शेरे अपमानास्पद आहेत. वारली किंवा कातकरी मुले वर्गात बसलेली असताना ते वाचून दाखवण्याचा विचारही करू नये. शिक्षकाने बाजार, बंदर आणि वाटांविषयीची पाच-सहा वाक्ये निवडून सोप्या मराठीत आणावीत.

त्याच्या शेजारी आजचा नकाशा ठेवावा. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९पासून आहे. त्यावर गावाचे उपग्रहचित्र मिळते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशेही आता उतरवता येतात. दोन्हींची छापील प्रत मुलांच्या हाती द्यावी. गॅझेटियरमध्ये ज्या बाजारांचे वार दिले आहेत ते बाजार आज भरतात का, भरत असले तर त्याच वारी भरतात का, हे मुलांनी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहून आणावे. तिसरीच्या मुलाला हे जमते, आणि उत्तर पुस्तकात नसल्यामुळे कोणाला कोणाचे पाहून लिहिता येत नाही.

शोधताना स्पेलिंगची एक अडचण येईल. त्या काळचे इंग्रजी लेखन आजच्यासारखे नाही; पुण्यासाठी 'पूना', ठाण्यासाठी 'ठाना', सोलापूरसाठी 'शोलापूर' असे शोधावे लागते, आणि लहान गावांच्या नावांत तर स्वरांवर चिन्हे असल्यामुळे शोधखिडकी कधी कधी काहीच दाखवत नाही. अशा वेळी आधी तालुक्याच्या नावाने पान गाठावे आणि तिथून पुढे डोळ्यांनीच शोधावे.